हजेरीपटावर नसलेली मुलं

आमच्या घरात तिघांचे वाढदिवस १ जूनला येतात. वडिलांचा, मोठ्या काकांचा आणि आत्याचा. त्यात योगायोग काही नाही. जन्माची नोंद कुठेच नसायची, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराला गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात कानाला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि रजिस्टरात तारीख १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचं वय असं कानावर हात ठेवून ठरलं आहे.

बालमजुरीबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण ‘बालमजूर’ या शब्दात दोन गोष्टी आहेत, वय आणि काम. दोन्ही मोजायला सोप्या वाटतात, आणि मोजायला बसलं की दोन्ही हातातून निसटतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. जनगणना, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, मतदारयादी अशी मोजामोजीची कामं आम्हा मास्तरांच्या वाट्याला कायम येतात, त्यामुळे हे निसटणं मी जवळून पाहिलेलं आहे.

आधी मोठे आकडे सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या जून २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात ५ ते १७ वयाची १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत आणि त्यांतली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. २००० साली हाच आकडा साडेचोवीस कोटींच्या आसपास होता. म्हणजे पंचवीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तेही जगात मुलांची संख्या वाढत असताना. मध्ये एकदा, २०१६ ते २०२०, तो १५ कोटी २० लाखांवरून १६ कोटींवर चढला होता, मग पुन्हा उतरला. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायची असं संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलं होतं. ते झालं नाही, पण घट खरी आहे.

भारताचा आकडा? २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाचे काम करणारे ४३ लाख ५३ हजार. किंवा १ कोटी १ लाख. दोन्ही आकडे त्याच जनगणनेतले, दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर. हे कसं काय, ते पुढे येईलच.

त्याआधी एक गैरसमज. तेरा वर्षांच्या पोराने गाईला पेंड घातली, दुकानात बापाला तासभर मदत केली, की ती बालमजुरी झाली असं कोणी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वयाप्रमाणे बदलते. ११ वर्षांपर्यंतच्या मुलाने कमाईचं किंवा शेतीचं काम आठवड्यात तासभर जरी केलं तरी ते मोजलं जातं. १२ ते १४ वयात हलकं काम आठवड्याला १४ तासांच्या आत असेल तर सूट आहे. १५ ते १७ वयात काम धोक्याचं असेल किंवा फार जास्त तासांचं असेल तरच ते मोजतात. स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं ही घरातली कामं या हिशोबात मुळात धरतच नाहीत. आठवड्याला २१ तास किंवा जास्त घरकाम करणारी मुलं धरली तर काय होतं, हे याच अहवालांनी वेगळं काढून दाखवलं आहे. एरवी बालमजुरीत मुलगे जास्त दिसतात, घरकाम धरलं की पारडं मुलींकडे झुकतं.

आता जरा मागे जाऊ.

मुलं पूर्वीपासून राबत आलेली आहेत. गुरं राखणं, पाखरं हाकणं, शेण गोळा करणं, सुताराच्या पोराने रंधा धरणं, कुंभाराच्या पोरीने माती मळणं. याला कोणी मजुरी म्हणत नव्हतं, काहीच म्हणत नव्हतं. मुलांचं काम डोळ्यांवर आलं ते गिरण्या आणि खाणी आल्यावर, आणि आधी आलं ते इंग्लंडात. १८४२ साली तिथल्या कोळशाच्या खाणींवर एक सरकारी अहवाल आला. जमिनीखाली हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांना दारं असत, कोळशाची गाडी आली की दार उघडायचं आणि गेली की लावायचं. या कामावर पाच-सहा-सात वर्षांची मुलं बसवलेली असत. बारा-बारा तास, एकट्याने, अंधारात, हातात दाराची दोरी. अहवालात चित्रंही छापली होती आणि बहुधा मजकुरापेक्षा चित्रांनीच जास्त काम केलं. त्याच वर्षी कायदा झाला, बायका आणि १० वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायला बंदी.

त्याआधी १८३३ साली कापडगिरण्यांसाठी कायदा झालेला होता. ९ वर्षांखाली काम नाही, ९ ते १३ वयाला आठवड्याचे ४८ तासच, आणि तपासायला निरीक्षक. सगळ्या देशासाठी निरीक्षक चार. वय ठरवायला कागद नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी उंची आणि दात बघून ठरवायचं. आमच्या गुरुजींचा कान तिथे दाताच्या रूपाने हजर होता. कायद्यानंतर कित्येक वर्षांनी, १८५१ च्या जनगणनेत, इंग्लंड-वेल्समधल्या १० ते १४ वयाच्या दर शंभर मुलग्यांपैकी सुमारे ३७ आणि दर शंभर मुलींपैकी सुमारे २० कामावर असल्याची नोंद आहे. मुली खरंच कमी राबत होत्या, की घरातलं काम कोणी काम म्हणून लिहून घेतलं नाही? हाच प्रश्न आपल्याला पुढे दीडशे वर्षांनी सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात भेटणार आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली १८५६ मध्ये, कावसजी दावरांची. पाठोपाठ कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली आणि त्यांच्याबरोबर पोरंही. सूतकताईच्या खात्यात बॉबिन भरल्या की त्या काढून रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा जोडायचा. हे काम बुटक्या, चपळ, बारीक बोटांच्या पोरांना चांगलं जमतं असं मालक म्हणत. त्यांना मजुरी कमी द्यावी लागते, हे वेगळं म्हणण्याची गरज नव्हती.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी आली. सात! आज पहिली-दुसरीत असतं ते पोर. ७ ते १२ वयाला दिवसाचे ९ तास, मध्ये तासभर सुट्टी, महिन्याला चार रजा. आणि हा कायदा लागू कुठे? यंत्रावर चालणाऱ्या आणि १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना. ९९ माणसं असतील तर पोर पाच वर्षांचं असलं तरी चालेल.

या कायद्याची एक गंमत आहे, शाळेच्या पुस्तकात ती सहसा येत नाही. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे लोक मुलांसाठी मनापासून झटत होते. पण विलायतेत या कायद्यासाठी ज्यांनी जोर लावला त्यांत लँकेशायरचे गिरणीमालक पुढे होते. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना जड जात होतं, त्यामुळे तिथल्या मुलांविषयी त्यांना अचानक कळवळा आला. उलट आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी कायद्याला विरोध केला, कारण देशी धंद्याच्या पायात हा विलायती खोडा आहे असं त्यांना वाटलं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. मध्ये सात वर्षांचं पोर बॉबिन बदलत होतं.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत करा, कामावर जखम झाली तर त्या काळातली मजुरी द्या. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. आज आपण रविवारी उशिरा उठतो त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत मुलांचं किमान वय ९ झालं, ९ ते १४ ला सात तास, आणि कायदा ५० माणसांच्या कारखान्यापर्यंत खाली आला. १९२२ मध्ये वय १२ आणि माणसं २०. १९४८ मध्ये वय १४.

हा कायदा जसजसा खाली सरकत गेला तसतशी पोरंही त्याच्या खालून सरकत गेली. गिरणीतून बाहेर पडलेली मुलं सगळीच शाळेत गेली नाहीत. बरीचशी अशा जागी गेली जिथे यंत्र नाही, वीज नाही, म्हणून कायदाही नाही. १९३१ साली मजुरांवरच्या शाही आयोगाचा अहवाल आला. विड्यांचे अड्डे वगैरे बेनोंदणी कारखान्यांत आयोगाला पाच-पाच वर्षांची मुलं दिसली, दिवसाचे दहा-बारा तास, अगदी दोन आण्यांइतक्या मजुरीवर. गिरणीत तोवर १२ वर्षांचा नियम लागू होऊन नऊ वर्षं झाली होती.

ही सरकण्याची तऱ्हा एकदा ध्यानात आली की पुढचं सगळं समजतं. विडीचा कारखाना कायद्यात आला, विडी घराघरात गेली. बाईला हजार विड्यांमागे मजुरी, घरातली पोरगी पानं कापून देणार. तिचं नाव कुठेच नाही. मुंबईत जरीकामाच्या खोल्यांमध्ये बिहारहून आणलेली पोरं आडव्या लाकडी चौकटीवर वाकून टिकल्या टाचत असत. या शतकाच्या सुरुवातीला धाडी पडायला लागल्यावर खोल्या लहान झाल्या, लांबच्या वस्त्यांत गेल्या.

मग पोरं कामावरून खरोखर कमी झाली ती कशाने? माझ्या मते कारखान्यात काय चालतं हे बघणाऱ्या कायद्यापेक्षा शाळेच्या कायद्याने जास्त. पोर शाळेत आहे की नाही हे बघायला वयाचा दाखला, मजुरी, मालक यांपैकी काहीही लागत नाही. सकाळी वर्गात डोकी मोजली की झालं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असाच कायदा मध्यवर्ती कौन्सिलात मांडला, फार बेताचा, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरता. १९१२ मध्ये तो १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्ती केली आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. महाराजांना माणसं ओळखता येत होती.

गोखल्यांचं विधेयक पडल्यावर देशभर शिक्षणाचा हक्क कायद्याने लागू व्हायला ९८ वर्षं गेली. १ एप्रिल २०१० ला तो लागू झाला. मधल्या काळात २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं जेवण मिळायला लागलं. खिचडीची चेष्टा करणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात साडेअकरा वाजता उभं राहून बघावं.

आता ते भारताचे दोन आकडे. जनगणनेत काम करणाऱ्यांचे दोन प्रकार करतात. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’. २००१ मध्ये ५ ते १४ वयाच्या दोन्ही प्रकारच्या मुलांची बेरीज होती १ कोटी २६ लाख. २०११ मध्ये नुसत्या मुख्य कामगार मुलांची संख्या आली ४३ लाख ५३ हजार. सरकारी उत्तरांत आणि मग वर्तमानपत्रांत हे दोन आकडे शेजारीशेजारी छापले गेले: सव्वा कोटीवरून साडेत्रेचाळीस लाख, दहा वर्षांत बालमजुरी एक-तृतीयांशावर! पण एकीकडे बेरीज आहे आणि दुसरीकडे त्यातला एक तुकडा. २०११ चीही बेरीज घेतली तर ती १ कोटी १ लाख होते. घट आहे, पण पाचव्या हिश्श्याएवढी.

महाराष्ट्राचं तर याहून बोलकं. २००१ मध्ये ७ लाख ६४ हजार, आणि २०११ च्या सरकारी तक्त्यात ४ लाख ९७ हजार. हा दुसरा आकडा नुसत्या मुख्य कामगारांचा. सीमांतिक धरले की तो जातो ७ लाख २८ हजारांच्या आसपास. दहा वर्षांत जेमतेम छत्तीस हजारांची घट, आणि ज्याला घट म्हणून मिरवलं ती बरीचशी ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’ या रकान्यात जाऊन बसलेली.

सहा महिन्यांपेक्षा कमी काम म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघते, मार्च-एप्रिलला साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की परत येते. पाच-सहा महिने. बीड, नगर, जालना, परभणी इकडून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. उचल घ्यायची ती ‘कोयत्या’वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मजुरी टनावर. सगळा हिशोब कोयत्याच्या नावाने, आणि त्यात पोर कुठेच नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत मी अशाच एका कारखान्याच्या हद्दीत जनगणनेचा प्रगणक होतो. गाव संपून रान लागतं तिथे पाचटाच्या चाळीसेक कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. सकाळी दहाच्या सुमारास गेलो, मोठी माणसं सगळी उसाच्या फडात. एका कोपीपुढे एक मुलगी उभी होती, कमरेवर वर्षाचा भाऊ. आई-वडील कुठे विचारलं तर “फडात” म्हणाली. वय विचारलं तर “अकरा असंल.” शाळेत जातेस का? “गावाकडं जाते, पाचवीला हाय.” मग छापील प्रश्न: गेल्या वर्षभरात काही काम केलंस का?

“म्या काय नाय करत गुरुजी. घरीच असते.”

तिच्या मागे चूल अजून धुमसत होती. भाकऱ्या पहाटे चारला तिनेच थापल्या होत्या, आईला तीन वाजता गाडीमागे निघावं लागतं म्हणून. पाण्याचे कॅन होते, ते ती लांबच्या विहिरीवरून भरून आणते. दुपारी भावाला घेऊन फडात जायचं, तिथे वाढं गोळा करायचं, मोळी बांधायला बापाला हात लावायचा. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. तो चारा म्हणून विकला जातो, त्यातून मीठ-मिरचीचा खर्च निघतो. हे सगळं मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, आपण दिनक्रम सांगतो तसं.

मी तिला कुठल्या रकान्यात घालायचं? प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं: घरकाम हे आर्थिक काम नाही. वाढं विकलं जातं म्हणजे ते आर्थिक काम, पण त्याचे महिने किती? तिच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ती काहीच करत नव्हती. संध्याकाळी बाप भेटला, तोही म्हणाला, “लेकरू हाय ते, ते काय काम करतंय.” तो खोटं बोलत नव्हता. मी ‘काम न करणारी’ लिहिलं आणि पुढच्या रकान्यात घरकाम. त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं होतं. आज मी निदान तीन महिन्यांची सीमांतिक कामगार लिहिलं असतं. एक कोटी एक लाखांत ती मुलगी नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण पेन माझ्या हातात होतं.

गिरणीतल्या पोराला निदान हजेरीपट होता. त्याला मजुरी होती, जॉबर, म्हणजे कामगार भरती करून देखरेख करणारा, होता, मालक होता, म्हणून कायद्याला धरायला काहीतरी होतं. फडातल्या पोराची मेहनत आईबापाच्या टनात विरघळते. मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो मी उचल जोडीला दिली, पोरांना कोणी आणायला सांगितलं नव्हतं. पोरांना मागे ठेवायचं तर कोणाकडे? आजी-आजोबा असतील आणि धडधाकट असतील तर. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर. ते पुष्कळ ठिकाणी टोळ्या निघून गेल्यावर महिन्याने मंजूर होतं, तोवर पोर कोपीत पोचलेलं असतं. बारा-तेराच्या पुढची मुलगी तर कोणी मागे ठेवायला धजत नाही. तिचं लग्न लावून नवा कोयता केला की उचल वाढते आणि काळजीही मिटते. बीड-परभणीकडे बालविवाह एवढे का, याचं अर्धं उत्तर या हिशोबात आहे.

जगाच्या आकड्यांतही हेच चित्र आहे. एकूण बालमजुरीपैकी ६१ टक्के शेतीत आहे, कारखाने आणि खाणी मिळून १३ टक्के. २०२० च्या अहवालात तर असं निघालं की बालमजुरी करणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्के स्वतःच्या घरच्यांबरोबरच राबतात. क्रूर मालक आणि साखळदंड हे चित्र कुठे कुठे खरं आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली सापडली, तीही एका मुलीचा जीव गेल्यावर. पण बहुतेक मुलांचा ‘मालक’ आई-बापच असतो आणि तोही कोणाच्या तरी उचलीत अडकलेला. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आज ८ कोटी ७० लाख मुलं बालमजुरीत आहेत, जगातल्या दर तिघांमागे जवळजवळ दोन. तिथेही मोठा भाग घरच्या शेतीचा.

आता आपला आजचा कायदा. संविधानाच्या २४ व्या कलमाने १४ वर्षांखालच्या मुलांना कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामावर ठेवायला पहिल्यापासून बंदी आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या नावातच ‘प्रतिबंध व नियमन’ असे दोन शब्द होते. काही कामांत बंदी, बाकीच्या कामांत नियम पाळून चालेल. घरगडी आणि ढाबे-हॉटेलं २००६ मध्ये बंदीत आली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखाली सर्वच कामांवर बंदी आणली, मोडली तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, स्फोटकं आणि धोक्याच्या कामांना मनाई.

मात्र एक दार उघडं ठेवलं: शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मूल मदत करू शकतं. कुटुंब म्हणजे कोण, तेही कायद्यात लिहिलं आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, शिवाय आईची आणि वडिलांची भावंडं. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या सगळे आले. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित किराणा दुकान असेल, लोणच्याचा घरगुती धंदा असेल. पण गल्ल्यावर बसलेला माणूस खरंच मामा आहे की नाही, हे निरीक्षकाने कसं ओळखायचं? आपल्याकडे दुकानातल्या पोराने मालकाला मामा म्हणायची पद्धतच आहे. २०१७ च्या नियमांत संध्याकाळी सातनंतर कामाला मनाई आहे, पण ती पाळली जाते का, हेही विचारून बघा. आणि ऊसतोड हा कौटुंबिक उद्योग म्हणायचा का? फड दुसऱ्याचा, ऊस दुसऱ्याचा, उचल मुकादमाची, फक्त राबणारं कुटुंब आपलं.

भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या किमान वयाच्या आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धच्या दोन्ही करारांना जून २०१७ मध्ये मान्यता दिली. कुठे मूल कामाला लावलेलं दिसलं तर १०९८ हा फुकट नंबर आहे, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत असेल. फोन करताना पोराचं वय तुम्हाला ठरवायची गरज नाही.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता पुढची ठरली आहे ती १ मार्च २०२७ ही तारीख धरून, म्हणजे डोकी मोजायची ती फेब्रुवारीत, पुन्हा ऐन गाळपाच्या हंगामात. यावेळी कागदाऐवजी मोबाइलवर माहिती भरायची आहे. माझी नेमणूक निघालीच तर मी कोपीपुढे उभ्या असलेल्या मुलीला ‘काम करतेस का’ हा छापील प्रश्न विचारीनच, विचारावाच लागतो. पण त्याआधी विचारीन, आज पहाटे किती वाजता उठलीस, आणि मग आत्तापर्यंत काय काय झालं.